खडूनं पकडलेली चीर

मुलांनो, मागच्या आठवड्यात आपण बंद पडलेल्या घड्याळाच्या पोटात डोकावलो होतो. आज एका आवाजाचा माग काढायचा आहे. आवाज अगदी बारीक. ‘कट्’ एवढाच.

माझ्या दादाची एक जुनी सायकल आहे. लाल रंगाची, जाड टायरची, सरळ हँडलची. एमटीबी म्हणतात ना, तशी डोंगरी सायकल. दादा सातवी पास झाला त्या वर्षी, म्हणजे २००१ साली, बाबांनी ती मलकापूरहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती. पुढे ती माझ्याकडे आली. डी.एड.ची दोन्ही वर्षं मी तिच्यावरूनच कॉलेजला गेले. मग नोकरी लागली, स्कुटी आली, आणि सायकल जिन्याखाली जाऊन बसली. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं तिला पुन्हा बाहेर काढलं. नवे टायर, नव्या ट्यूबा, नवे ब्रेकगट्टू. पोरगं खूश.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, तर हा दारातच उभा.

“आत्या, सायकल कटकट करून राह्यली.”

“चेनले तेल टाक.”

“टाकलं ना! तरी जाईना.”

आता इथं थोडं थांबू या. सायकल बोलते, बरं का! फक्त ती काय म्हणते ते ऐकावं लागतं. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच आवाज आला, तर दोष पायडलमध्ये किंवा क्रँकमध्ये. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आला, तर चाकात: एखादा स्पोक ढिला असेल, रिम घासत असेल. आणि पाय थांबवून नुसती सायकल सोडली, तरी खड्ड्यातून जाताना आवाज आला तर? तर मग चेन, पायडल, क्रँक हे सगळे सुटले. उरलं हँडल, चिमटा आणि फ्रेम.

आम्ही अंगणात हाच प्रयोग केला. पाय न मारताही आवाज आला. मग सायकल उभी ठेवून पुढचा ब्रेक घट्ट दाबला आणि हँडल मागं-पुढं ढकललं. ‘कट्... कट्...’ म्हणजे दोष पुढच्या अंगाला. हँडलच्या नळीतले छर्रे ढिले असतील असं मला वाटलं, पण पान्यानं पाहिलं तर सगळं घट्ट होतं. शेवटी मी म्हटलं, आधी धू ही सायकल. दोन वर्षांची माती आहे हिच्यावर.

माती गेल्यावर ते दिसलं. हँडलच्या नळीपासून खाली तिरपी नळी निघते ना, तिच्या खालच्या बाजूला, सांध्यापासून दोन बोटांवर केसासारखी बारीक रेघ होती. रेघेच्या दोन्ही कडांना तांबूस गंज.

“खरचटलं असंल,” भाचा म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता. कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, ही चौकडी राजूर घाट उतरायला निघणार होती.

बुलढाण्याच्या मुलांना राजूर घाट सांगायला नको. इतरांसाठी सांगते: बुलढाणा गाव डोंगरावर आहे, आणि मोताळ्याकडे, मलकापूरकडे जायला हा घाट उतरावा लागतो. माझी शाळा मोताळा तालुक्यात, म्हणून मी रोजच तो उतरते आणि चढते. वळणं आहेत, एसटी आहे, ट्रक आहेत. उतारावर सायकलचा वेग कसा वाढतो ते तुम्हाला माहीत आहेच. आणि पुढची नळी तुटली तर ब्रेक कितीही चांगले असून काय उपयोग? चाक एकीकडे, आपण दुसरीकडे.

पण रेघ दिसली म्हणजे चीरच असं थोडंच आहे? नुसता रंग तडकला असेल तर? उगाच एका पोराचा रविवार कशाला घालवायचा? तेव्हा आधी खात्री करायची असं ठरलं. माझ्या पर्समध्ये नेहमी एखादा तुकडा खडू असतोच. (शिक्षिकेची पर्स आहे, दुसरं काय असणार!)

रेघेभोवतीचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला. आतली पांढरी धातू दिसू लागली. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंकडून चमचाभर डिझेल मागून आणलं, ते रेघेवर लावलं आणि दहा मिनिटं वाट पाहिली. मग फडक्यानं नळी अगदी कोरडी पुसली आणि वरून पांढरा खडू घासला. नळी झाली पांढरीशुभ्र. भाच्यानं हँडलवर दोन-चार बुक्क्या मारल्या. आणि बघता बघता त्या पांढऱ्यावर एक काळपट ओली रेघ उमटली! वरवरचा ओरखडा असता तर पुसल्यावर त्यात तेल उरलंच नसतं. चिरेच्या पोटात मात्र तेल जाऊन बसतं. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसं खडू ते बाहेर ओढतो. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आगगाडीचे आस असेच तपासायचे. तेलात बुडवायचे, पुसायचे, खडूचा हात द्यायचा आणि हातोडीनं ठोकायचं. चीर असली की ती स्वतःच रेघ ओढून दाखवायची.

आमच्या चिरेनं नळीच्या घेराचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापला होता.

“आत्या, उद्याच्या दिवस चालून जाईन ना? इतके दिवस चाललीच ना?”

दादाला फोन केला तर तो म्हणाला, “अगं, वरून वेल्डिंगचा एक डाग मारून दे पोराला. कशाला एवढं?” दादा दोनशे किलोमीटर लांब असतो, त्याला सोपं आहे म्हणायला. मी नाही म्हटलं. त्या रात्री भाचा जेवताना एक शब्द बोलला नाही.

आता तुम्ही विचाराल, वीस-पंचवीस वर्षं चांगली चाललेली पोलादी नळी एकदम तडकतेच कशी? ती एकदम तडकत नाहीच. लोखंड थकतं.

खोटं वाटतंय? टाचणीच्या डबीतली एक यू-पिन घ्या. सरळ ओढून तोडायचा प्रयत्न करा. पहिलवानालाही जमणार नाही. आता तीच एका जागी मागं-पुढं, मागं-पुढं वाकवा. पंधरा-वीस वेळांत तुकडा हातात. जोर तेवढाच, उलट कमीच, पण पुन्हा पुन्हा. सायकलच्या त्या नळीचंही तसंच. खड्ड्यात चाक आदळलं की ती नळी ताणली जाते. पुढचा ब्रेक दाबला किंवा चाक दगडावर धडकलं की तीच नळी दाबली जाते. ताण, दाब, ताण, दाब. आपल्या रस्त्यांवर एका किलोमीटरला असं किती वेळा होत असेल, हे मोजायचं काम तुमच्यावर सोपवते.

हे कोडं सुटायला माणसांना फार किंमत मोजावी लागली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. चांगला जाडजूड आस, मग तुटला कसा? पुढं जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं अशा आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. वजन टांगायचं आणि आस फिरवत राहायचं, तुटेपर्यंत. त्याला दोन गोष्टी कळल्या. एका झटक्यात तोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या कितीतरी कमी जोरही पुन्हा पुन्हा दिला तर पोलाद तोडतो. दुसरी गोष्ट आपल्या फायद्याची: जोर एका ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला तर पोलाद जवळजवळ कधीच थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते, ते हळूहळू थकतच जातं. तरीही १९५४ साली ‘कॉमेट’ नावाची दोन प्रवासी जेट विमानं आकाशातच फुटली. खिडक्यांसाठी पत्रा कापला होता, तिथल्या कोपऱ्यांशी ताण गोळा होऊन चिरा पडल्या होत्या. ते शोधायला शास्त्रज्ञांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरून पाहिला. आमच्या खडूचंच हे मोठं भावंड म्हणा!

रविवारी सकाळी आम्ही सायकल हातात धरून वेल्डिंगवाल्या चाचांकडे गेलो. चाचा पन्नासेक वर्षं हेच काम करतात. त्यांनी आधी खिशातलं लोहचुंबक काढून नळीला लावलं. खट्कन चिकटलं. “पोलाद हाय. मंग होते. अ‍ॅलुमिनची असती तं वापस पाठवली असती.” अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम जोडली तरी आचेनं आसपासची ताकद जाते, आणि ती परत आणण्याची भट्टी गावातल्या दुकानात नसते.

मग त्यांनी चिरेला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, याले तेल कोणं पाजलं?”

मी आपली मोठ्या अभिमानानं खडूची गोष्ट सांगितली. चाचा हसले. “शोध तं चांगला लावला. पण आता हे तेल काढता काढता माहा अर्धा तास जाईल. तेलकट जागेवर पितळ धरत नाही.” घ्या! बाईंनी शहाणपण केलं आणि काम वाढवलं. तेव्हा तुम्ही कधी असं तपासलंत, तर दुरुस्ती करणाराला आधीच सांगा.

“चाचा, वरून एक डाग मारून द्या ना. आज घाटात जायचं हाय,” भाच्यानं शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

“मारून देतो. दोन मिनटाचं काम. दोन महिने चालंल, मंग डागाच्या बाजूनं फुटंल. घाटात फुटली तं मी येऊ का तुले उचलाले?”

एवढ्यात रस्त्यावरून घंट्या वाजल्या. त्याचे तिघं मित्र निघाले होते. एकानं हात हलवला. आमचं पोरगं खाली बसून चपलेचा अंगठा चाचपत राहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, आपण फार ताणतोय का?

चाचांनी काम सुरू केलं. पुढचं चाक, चिमटा, छर्रे सगळं काढून ठेवलं, कारण आचेनं ग्रीस जळतं. मग एक सुतळी घेतली. मागच्या चाकाच्या एका खाचेतून ती निघाली, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं दुसऱ्या खाचेत आली. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंना सुतळीचं अंतर पट्टीनं मोजलं. सारखं! मी भाच्याला विचारलं, “कोणता त्रिकोण झाला हा?” “समद्विभुज,” तो पुटपुटला. फ्रेम वाकडी असती तर एका बाजूचं अंतर कमी भरलं असतं, आणि वाकडी फ्रेम जोडण्यात चाचांना रस नव्हता.

पुढची गोष्ट मला फार आवडली. चाचांनी भिंग लावून चिरेची दोन्ही टोकं शोधली आणि प्रत्येक टोकावर ड्रिलनं बारीक भोक पाडलं. चीर बुजवायची सोडून भोकं? कापडाच्या दुकानात आठवा. दुकानदार कापड फाडताना आधी कात्रीनं एक छोटा काप देतो आणि मग टर्रकन ओढतो. सगळा जोर त्या कापाच्या टोकदार टोकावर येतो, म्हणून कापड सरळ फाटत जातं. चिरेचंही टोक तसंच धारदार असतं. तिथं गोल भोक पाडलं की टोकच उरत नाही. जोर भोकाच्या कडेनं वाटला जातो आणि चीर तिथं अडते.

मग कानशीनं चीर थोडी रुंद केली, आच देऊन तेल जाळलं, तारेच्या ब्रशनं घासलं. वर पांढरी पूड लावली. टाकणखार. खामगावच्या चांदीच्या कारागिरांकडे तुम्ही हीच पूड पाहिली असेल. आचेवर ती वितळून काचेसारखा थर धरते आणि हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे तापलेल्या धातूवर गंजाचा पापुद्रा चढत नाही.

चाचांनी विजेचं वेल्डिंग वापरलं नाही. सायकलची नळी पातळ असते, जाड रॉडनं तिला भोक पडायला वेळ लागत नाही. त्यांनी गॅसचं वेल्डिंग घेतलं आणि पितळी सळई. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर हे पितळ ९०० अंशांच्या आसपासच वितळतं. गॅसची ज्योत ३००० अंशांच्या वर, म्हणून ती एका जागी न धरता हलवत राहायची. नळी आधी काळपट, मग गाजरासारखी लाल झाली. सळई टेकवली, आणि पितळ पाण्यासारखं पातळ होऊन सरकन चिरेत शिरलं. भाचा ओरडला, “आत्या, डिझेलसारखंच!” चाचांनी दिलेल्या काळ्या चष्म्यातून तो केव्हापासून टक लावून पाहत होता. घंट्या विसरला होता. (काळ्या चष्म्याशिवाय ज्योतीकडे बघायचं नाही, धुराच्या बाजूला उभं राहायचं नाही, आणि हे काम घरी तर मुळीच नाही.)

एवढ्यावर काम संपलं नाही. भंगारातल्या एका जुन्या फ्रेमची जाड नळी चाचांनी उभी चिरली. तिचा अर्धा भाग आमच्या नळीवर चीर झाकून अंगरख्यासारखा बसवला आणि कडेनं पितळ सोडलं. या तुकड्याची टोकं त्यांनी सरळ न ठेवता पिंपळाच्या पानासारखी निमुळती कापली होती. का? सरळ कापली असती तर ती जिथं संपते तिथं एकदम जाडीचा फरक पडून पुन्हा ताण गोळा झाला असता. निमुळत्या टोकानं तो हळूहळू पसरतो. घरी एखादी काळी, उंच, जुन्या पद्धतीची सायकल असेल तर तिचे सांधे बघा. नळ्यांच्या टोकांवर टोपीसारखे जाड तुकडे दिसतील, पुष्कळदा त्यांच्या कडा नक्षीदार निमुळत्या असतात. ती नक्षी नुसती शोभेची नसते.

नळी लाल असतानाच भाच्यानं पाण्याचा डबा उचलला होता. चाचा जे ओरडले! पाणी ओतलं की पितळ आणि पोलाद एकसारखे आकसत नाहीत, नवा सांधाच तडकू शकतो. गार होईपर्यंत अर्धा तास बसा गुपचूप. त्या अर्ध्या तासात मी त्याला डोंगरी सायकलची गोष्ट सांगितली. १९७० नंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाईस डोंगरावर काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन मातीच्या वाटेनं सुसाट उतरायचे. एका उतरणीवर १९७६ पासून शर्यतीच लागल्या. ब्रेक इतके तापायचे की चाकातलं ग्रीस जळून जाई, आणि प्रत्येक उतरणीनंतर ते नव्यानं भरावं लागे. जुन्या फ्रेमांना हे सोसेना. तेव्हा त्यांच्यातल्याच जो ब्रीझ या पोरानं १९७७ साली खास या कामासाठी फ्रेम बांधली. आपल्याकडे जाड टायरच्या बऱ्याच सायकली दिसायला डोंगरी असतात, हाडानं मात्र साध्या. माझं हे मत पुष्कळांना पटत नाही.

आणि मास्तर लोक सायकलच्या नादाला लागणं काही नवीन नाही, हेही मी त्याला ऐकवलं. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. पुढं तेच लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

चाचांनी पुन्हा सुतळी लावली. अंतर दोन्हीकडे सारखंच. कानशीनं कडा साफ केल्या, रेड ऑक्साइडचा हात दिला. दोनशे रुपये झाले. देताना म्हणाले, “गावात बिनधास्त चालव, बेटा. महिनाभर दर रविवारी इथं खडू लाव. पण घाट या सायकलवर नाही. एकदा थकलेली फ्रेम हाय, दुसऱ्या जागी पण थकली असंल.”

स्वतःच्या कामाबद्दल असं सांगणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. भाच्याचा चेहरा मात्र पुन्हा उतरला.

संध्याकाळी तिघं मित्र घाटावरून परत आले. एकाचं पंक्चर झालं होतं, बाकी ठीक. भाच्यानं तिन्ही सायकली अंगणात ओळीनं उलट्या केल्या आणि सगळ्यांच्या नळ्या पुसून खडू घासला. एकाच्या सीटच्या नळीवर काळी रेघ उमटली, तशी चौघंही गप्प झाली. रंग घासून पाहिलं तर आतली धातू अखंड होती, नुसता रंगाचा पापुद्रा फुटला होता. “माही सायकल काऊन खरवडली बे?” म्हणून त्यावरून भांडणही झालं.

याला आता तीन महिने होतील. भाच्यानं वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहिल्या आहेत, प्रत्येक तारखेपुढं ‘चीर नाही’. घाटाचं म्हणाल तर तो मागच्या महिन्यात उतरला, माझ्या स्कुटीवर मागं बसून, आणि सगळ्या वाटेत मला वळणांवर ब्रेक कधी दाबायचा ते सांगत होता. माझ्या पर्समधला खडू मात्र बंद झालाय. वर्गात फळ्यावर लिहायला एकदा उरला नाही, तेव्हा मी त्याला दुकानातून एक डबी विकत आणून दिली.